मावशीच्या कार्डावरून दर महिन्याला जाणारे पैसे थांबवताना

ॲप फोनमधून काढून टाकलं की पैसे जायचे थांबतात, असं माझ्या सांगलीच्या मावशीला वाटत होतं. माझ्या ऑफिसातल्या तिशीच्या मुलांनाही तसंच वाटतं, हे नंतर कळलं. ॲप काढल्याने फक्त ॲप जातं. कधीतरी ओटीपी किंवा पिन टाकून आपण पैसे कापायची परवानगी दिलेली असते, ती कंपनीकडे आणि बँकेकडे तशीच राहते. मावशीच्या कार्डावरून आणि खात्यातून जाणारे असे पैसे मी तिच्याशेजारी बसून थांबवले. काही कामं चहा निवायच्या आत झाली, एका कामाने मात्र आठवडे खाल्ले. कुणाच्या घरी आई-वडील, काका-मावशी अशाच अडचणीत असतील, तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. पेन्शन ज्या बँकेत येते, तिथेच मुदत ठेवीवर तिला क्रेडिट कार्ड मिळालं. नातवंडं सुट्टीला आली की फोन त्यांच्याच हातात असतो. कार्डाचं बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप भरलं जायचं. त्यामुळे दंड कधी लागला नाही आणि बिल उघडून बघायची वेळही कधी आली नाही. मला हेच सगळ्यात जास्त लागलं. वसुली आपोआप होत होती, त्या वसुलीचं बिलही आपोआप भरलं जात होतं आणि या सगळ्यात माणसाची नजर कुठेच नव्हती. शेवटी एकदा फोनवर तीच म्हणाली, "अगं, पेन्शन तेवढीच, खर्च तेवढाच, मग शिल्लक कमी का दिसतीय?"

मी गेले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे वर्षभराची स्टेटमेंटं काढली. एका महिन्याचं पुरत नाही. वार्षिक सबस्क्रिप्शन वर्षातून एकदाच दिसतं आणि नेमका तोच आकडा मोठा असतो. कार्डाची स्टेटमेंटं ईमेलवर होती, बचत खात्याची बँकेच्या ॲपमधून मिळाली. सगळी छापून आणली, कारण मावशीला कागदावरच नीट दिसतं. तिने पट्टी आणि लाल पेन घेतलं आणि वही तपासावी तशा एकेक ओळीखाली रेघा मारत गेली. एकच नाव दर महिन्याला त्याच सुमाराला आलं, की त्याला गोल.

यात एक अडचण येते. स्टेटमेंटवर छापलेलं नाव आपल्या ओळखीचं असतंच असं नाही. ॲपचं नाव एक, ते चालवणाऱ्या कंपनीचं दुसरं आणि कधी पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपनीचं, म्हणजे पेमेंट गेटवेचं, तिसरं. अशा वेळी मावशीच्या ईमेलमध्ये ती तारीख आणि रक्कम शोधली. बहुतेक ठिकाणी पावतीचा मेल सापडला, काही तर स्पॅममध्ये पडलेले होते. 'ट्रायल', 'रिन्युअल', 'इनव्हॉइस' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधलं तरी बरंच बाहेर येतं.

रेघा मारून झाल्यावर लक्षात आलं, की एकाच विहिरीवर चार मोटा चालाव्यात तसा हा उपसा चालू होता आणि एक मोट थांबवली म्हणून बाकीच्या थांबणार नव्हत्या. काही पैसे क्रेडिट कार्डावरच्या ई-मँडेटमधून, म्हणजे पैसे कापायच्या ऑनलाइन परवानगीतून, जात होते, काही यूपीआयच्या ऑटोपेमधून, काही प्ले स्टोअरमधून आणि काही थेट बचत खात्यावरच्या मँडेटमधून. प्रत्येक वाट वेगळ्या ठिकाणी बंद होते. बँकेत फोन करून 'सगळं बंद करा' म्हटलं तर ते होत नाही, याचं कारण हेच.

सोपं होतं तिथून सुरुवात केली. कार्डावर एका ओटीटीचं वार्षिक सबस्क्रिप्शन होतं. जावयाने दिवाळीत लावून दिलेलं, नंतर कुणीही न बघितलेलं. आधी त्या ओटीटीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून सबस्क्रिप्शन रद्द केलं. मग बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात जाऊन तिथलं मँडेटही काढलं. बँकेप्रमाणे या जागेचं नाव बदलतं. कुठे 'मॅनेज मँडेट', कुठे 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन', कुठे 'रिकरिंग पेमेंट'. रद्द करतानाही ओटीपी येतो, तेव्हा दचकायचं कारण नाही. मावशी मात्र दचकली. "पैसे थांबवायला ओटीपी कशाला? हा पैसे घ्यायचा ओटीपी नाही ना?" तिची शंका अगदी रास्त होती. ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचून मगच तो टाकला.

दोन्ही ठिकाणी रद्द करायचं, यावर मी ठाम आहे. फक्त कंपनीकडे रद्द केलं आणि त्यांच्याकडून चूक झाली, तर पैसे कापले जातात. फक्त बँकेकडे थांबवलं, तर कंपनीच्या वहीत आपलं सबस्क्रिप्शन चालू राहतं आणि ते 'पेमेंट भरा' म्हणून मागे लागतात.

इथे नियम थोडा सांगते, कारण तो माहीत असला की बँकेशी बोलताना आवाज बदलतो. कार्डावरच्या अशा आवर्ती वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये चौकट आखली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती सगळ्यांना पाळावी लागली. मँडेट नोंदवताना ओटीपीसारखी जादा खातरजमा हवीच. पुढची वसुली होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि त्या सूचनेत कोण, किती आणि कधी घेणार हे असलं पाहिजे. ती वसुली किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोय बँकेने द्यायची आणि या सोयीसाठी ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. दर वेळी ओटीपी न विचारता कापता येणारी रक्कम सुरुवातीला २,००० रुपये होती, मग ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाची बिलं यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाखापर्यंत नेली. एक बारकावा असा, की ज्या वसुलीची सूचना आधीच निघालेली आहे, ती मँडेट काढल्यावरही एकदा होऊन जाऊ शकते. म्हणून अगदी आदल्या दिवसाची वाट बघू नये.

नियम चांगला आहे. मावशीला त्या सूचना येतही होत्या. तिच्या फोनमध्ये मी स्वतः त्या मागे जाऊन वाचल्या. पण त्या इंग्रजीत होत्या, कर्जाच्या आणि सेलच्या जाहिरातींमध्ये गाडलेल्या, आणि नाकारायचं तर शेवटी दिलेल्या लिंकवर जा म्हणणाऱ्या. आता ज्या बाईला बँक, पोलीस आणि वर्तमानपत्रं रोज बजावतात की मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, ती या लिंकवर बोट ठेवील कशी? त्यातून काही बँकांची ही लिंक बँकेच्या नावाची नसते. मँडेटचं काम सांभाळणाऱ्या वेगळ्या कंपनीच्या पोर्टलवर ती उघडते. मावशीने लिंक उघडली नाही हे तिने बरोबरच केलं. आम्हीही कुठलीच लिंक उघडली नाही, प्रत्येक वेळी बँकेच्या ॲपमधूनच आत गेलो. पण ज्या सूचनेवर विश्वास ठेवायचा की नाही हेच ग्राहकाला कळत नाही, तिचा उपयोग किती?

यूपीआयची वाट त्यामानाने सरळ आहे. यूपीआय ऑटोपे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जुलै २०२० मध्ये आणलं. ज्या ॲपमधून ते मँडेट दिलं, त्या ॲपच्या प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' नावाची जागा असते, तिथे चालू मँडेट दिसतात. मावशीच्या फोनवर दोन यूपीआय ॲप होती, म्हणून दोन्ही तपासली. एकात काही नव्हतं, दुसऱ्यात मुलांना गणित शिकवणारं एक ॲप निघालं. नातवाने एक रुपयाची ट्रायल घेतली होती आणि मावशीनेच पिन टाकून दिला होता. अशा ट्रायलच्या वेळी आपण नेमकं कशाला हो म्हणतो, ते बघण्यासारखं आहे. मोठ्या अक्षरात एक रुपया दिसतो. खाली लहान अक्षरात मँडेटची कमाल रक्कम आणि मुदत असते आणि आपला पिन त्या कमाल रकमेला मंजुरी देतो. त्यामुळे दर महिन्याला जाणाऱ्या पाचशेच्या आसपासच्या रकमेला कागदोपत्री तिची संमती होती.

यूपीआयवरचं मँडेट शेवटी पिन टाकून लगेच रद्द झालं. पण त्याआधी कंपनीकडे रद्द करायला गेलो होतो, तर ॲपमध्ये ती सोयच नव्हती. फोन करा म्हणे. फोनवरची मुलगी गोड बोलून दर वेळी नवी सवलत द्यायची, "ताई, मुलाच्या अभ्यासाचं नुकसान होईल" म्हणायची आणि रद्द करण्याची विनंती वरिष्ठांकडे पाठवते असं सांगून फोन ठेवायची. यालाच सरकारी भाषेत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयीची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ॲपच्या रचनेविषयीची, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत असे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. रद्द करण्याची जागा लपवणं, ती प्रक्रिया लांब आणि किचकट करणं, फुकट सेवेसाठी पैशांचा तपशील द्यायला भाग पाडणं हे सगळं त्यात बसतं. ग्राहकाला लाजवून किंवा घाबरवून थांबवणं, म्हणजे मुलाच्या नुकसानीचं ते वाक्य, हाही त्यांतला एक वेगळा प्रकार आहे.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं, म्हणून तक्रार मावशीनेच तिच्या शब्दांत सांगितली. आधी आम्ही कंपनीला लेखी ईमेल केला होता आणि त्यानंतरही एक रक्कम कापली गेली होती. त्या ईमेलची तारीख आणि स्टेटमेंटवरची तारीख या दोन गोष्टी तक्रारीत जोडल्या. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. तेवढ्यानेही फरक पडला. कंपनीचा स्वतःहून फोन आला आणि ईमेलनंतर कापलेली रक्कम परत मिळाली. फोनवर कितीही बोला, लेखी एक ओळ पाठवल्याशिवाय आपल्या हातात काही राहत नाही, हे तिथे दिसलं.

प्ले स्टोअरमध्ये उजवीकडे वर आपल्या चित्रावर बोट ठेवलं की 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' येतं. तिथे आधी काहीच दिसेना. मग लक्षात आलं, की फोनमध्ये दोन गुगल खाती आहेत आणि स्टेटमेंटवर गोल केलेलं भविष्य सांगणारं एक ॲप नातवाच्या खात्यावरून घेतलेलं आहे. खातं बदललं की यादी दिसली. इथे रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत सेवा चालू राहते. त्यामुळे महिना संपेपर्यंत थांबायची गरज नसते, आजच रद्द करावं. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर गेलं की 'सबस्क्रिप्शन्स' सापडतं. तिथल्या फुकट ट्रायल मात्र संपायच्या किमान २४ तास आधी रद्द कराव्या लागतात.

याच यादीत गुगलच्या जादा स्टोरेजचेही पैसे होते. मावशी म्हणाली, "हेही काढ." मी नको म्हटलं. तिचे फोटो फुकट मिळणाऱ्या १५ जीबीच्या कधीच पलीकडे गेले होते. जादा जागा बंद झाली तर काही काळाने जीमेलवर नवे मेल यायचे थांबतात, आणि बँकेची स्टेटमेंटं तिथेच येतात. तसंच बचत खात्यावरून मँडेटने जाणारा आरोग्य विम्याचा हप्ता आणि काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, म्युच्युअल फंडाची एसआयपी यांना आम्ही हात लावला नाही. विम्याचा हप्ता चुकला आणि वाढीव मुदतही गेली, तर पॉलिसी बंद पडते आणि जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षं वाया जाऊ शकतात. सत्तरीच्या माणसाला नवी पॉलिसी मिळवणं सोपं नाही. सगळं एका फटक्यात बंद करायचा मोह होतो, पण प्रत्येक ओळ कशाची आहे ते कळल्याशिवाय ती कापू नये.

खरा त्रास दिला तो परदेशी संकेतस्थळाने. काकांना हाउसिंग सोसायटीची कागदपत्रं जोडून एकच पीडीएफ करायची होती. शोधल्यावर जे पहिलं संकेतस्थळ आलं, तिथे फाइल तयार झाली आणि उतरवून घेताना एका डॉलरहून कमी रक्कम मागितली. त्यांनी मावशीचं कार्ड टाकलं. ओटीपी आलाच नाही, कारण भारतीय कार्डाने परदेशी व्यापाऱ्याकडे झालेले व्यवहार ओटीपीशिवायही होऊ शकतात. आठवडाभराने मासिक सबस्क्रिप्शन सुरू झालं. रक्कम पन्नास डॉलरच्या जवळपास, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे जादा आकार, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. स्टेटमेंटवर एका खर्चाच्या तीन ओळी दिसत होत्या. बँकेच्या ई-मँडेटच्या यादीत मात्र याचा पत्ता नव्हता. तिथे रद्द करायला काही नव्हतंच.

कस्टमर केअरने सांगितलं, "कार्ड ब्लॉक करा आणि नवीन घ्या." मला हा सल्ला पटला नाही. महावितरणचं बिल, गॅस, फोन, सगळं त्या कार्डाला जोडलेलं होतं. शिवाय कार्ड बदललं तरी कंपनीकडचं सबस्क्रिप्शन जिवंतच राहिलं असतं. त्याऐवजी कार्डाचे परदेशी व्यवहारच बंद केले. ही सोय रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे प्रत्येक कार्डाला मिळाली आहे: देशातले, परदेशातले, ऑनलाइन, स्पर्शाविना होणारे असे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करता येतात आणि प्रत्येकाला मर्यादा घालता येते. मावशीला परदेशी व्यवहारांची गरजच नव्हती. बटण बंद केलं आणि पुढच्या महिन्यात वसुलीचा प्रयत्न झाला तेव्हा व्यवहार नाकारल्याचा मेसेज आला.

दरम्यान काका त्या कंपनीचा फोन नंबर गुगलवर शोधायला लागले होते. त्यांना मी थांबवलं. "काका, शोधून मिळालेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर फोन करू नका." तिथे ठगांनी टाकलेले नंबर असतात. ते 'रद्द करून देतो' म्हणून स्क्रीन शेअर करायला लावतात आणि खातं मोकळं करतात. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा किंवा ॲपच्या आतला. आणि तसं काही घडलंच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

स्पॅममधल्या पहिल्या पावतीच्या मेलमध्ये ऑर्डर क्रमांक सापडला आणि त्याच्या आधाराने कंपनीच्या संकेतस्थळावर सबस्क्रिप्शन रद्द झालं. रद्द झाल्याचा मेल जपून ठेवला आणि मग बँकेत डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराला आक्षेप, दाखल केला. बँकेचा पहिला पवित्रा असा होता, की कार्डाचा तपशील ग्राहकानेच टाकला, म्हणजे हा फसवणुकीचा व्यवहार नाही. त्यात तथ्य होतं. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा जो २०१७ चा नियम सगळे सांगतात, तो अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. आमचा वाद व्यापाऱ्याशी होता. म्हणून अर्जात 'फसवणूक' हा शब्द न वापरता लिहिलं, की मासिक वसुलीची अट स्पष्टपणे दाखवलेली नव्हती आणि आता सबस्क्रिप्शन रद्द झालेलं आहे. सोबत संकेतस्थळाच्या पैसे भरायच्या पानाचा फोटो जोडला. क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल तक्रार आली, तर बँकेने ३० दिवसांत स्पष्टीकरण द्यायला हवं आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावाही. हे वाक्यही अर्जात घातलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. तिथपर्यंत जावं लागलं नाही. शेवटच्या महिन्याचे पैसे परत आले. आधीच्या महिन्यांचे आले नाहीत, मार्कअप आणि त्यावरचा कर तर नाहीच.

आता कार्डाचं बिल आपोआपच भरलं जातं, पण स्टेटमेंट आलं की मावशी ते छापून आणते आणि लाल पेनाने तपासते. ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा तिने स्वतःच पाच हजारांवर आणली. बँकेला तिने शाखेत जाऊन एक अर्जही दिला, सुवाच्य अक्षरात, मराठीत: पैसे कापण्याआधीची सूचना मला मराठीत पाठवावी आणि ती नाकारण्यासाठी लिंकऐवजी उत्तरादाखल एक शब्द पाठवण्याची सोय द्यावी. शाखाधिकाऱ्यांनी पोच दिली आणि अर्ज वर पाठवल्याचं सांगितलं. मेसेज अजून इंग्रजीतच येतात. पोचेची प्रत तिच्या फायलीत आहे आणि पेन्शनच्या कामासाठी शाखेत गेली, की ती त्या अर्जाचं पुढे काय झालं ते विचारून येते.